बोट जाते तो ऐन, नख जाते तो तेंदू

परीक्षा घ्यायला गेलेली बाई परीक्षेला बसून परत आली, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण हे माझ्याच बाबतीत घडलं. परत आल्यापासून घरात, स्टाफरूममध्ये, रिक्षात, जो भेटेल त्याला मी हे सांगत सुटले आहे. आता ऐकणारे संपले, म्हणून लिहायला बसले.

मी कराडला एका कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते. अठ्ठावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत बहिःस्थ परीक्षक म्हणून किती गावचे पोहे खाल्ले याची गणती नाही. बहिःस्थ परीक्षकाचं आयुष्य सुखाचं असतं. स्टेशनवरून आणतात, पंख्याखाली बसवतात. तुम्ही सूक्ष्मदर्शकात डोकावता, जर्नलवर सह्या ठोकता, मुलांना चार प्रश्न विचारता. मुलं चळाचळा कापतात. तुम्ही जेवता आणि घरी येता.

या वेळचं पत्र मात्र वेगळं होतं. गडचिरोली जिल्ह्यात धानोऱ्याच्या बाजूला एका लहानशा कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा जंगलात, गावकऱ्यांसमोर घेतात म्हणे. विद्यापीठानं प्रयोग म्हणून परवानगी दिली होती आणि तिची मुदत संपत आली होती. पुढे चालू ठेवायचं की बंद करायचं, हे ठरवण्यासाठी बाहेरच्या विद्यापीठाचा कुणीतरी परीक्षक हवा होता. तो कुणीतरी म्हणजे मी.

जायच्या दोन दिवस आधी तिथल्या प्राध्यापिकेचा फोन आला. "म्याडम, साडी नका आनू. अन् चपला तर बिलकुल नका आनू. बूट हाये का तुमच्याकडे?"

मी मनात म्हटलं, ही परीक्षा आहे की पोलीस भरती?

चंद्रपूर

एप्रिलचा पहिला आठवडा. फलाटावर पाय ठेवला आणि चष्म्याच्या दांड्या कानाला चटके देऊ लागल्या. न्यायला निशात आली होती, फोनवरची प्राध्यापिका तीच. पस्तिशीची, उंच, चालणं इतकं भरभर की तिच्यामागे धावताना माझ्या बॅगेचं एक चाक फलाटावरच राहिलं. ते शोधायला आम्ही परत गेलो. एक कुत्रं त्याचा वास घेत बसलं होतं.

निशातचं माहेर चंद्रपुरातच. पहिला मुक्काम तिथे होता. तिचे अब्बा शिंपी. दुकान पुढे, घर मागे. मी चहाचा कप उचलते न उचलते तोच त्यांनी गळ्यातली टेप काढली. "म्याडमजी, जरा उभे राहा. माप घ्यायचं हाये."

"कशाचं माप?"

"एप्रनचं. परीक्षेचं. साऱ्यायचं शिवलं, तुमचंच बाकी हाये."

खाकी कापडाचा, आठ खिशांचा एप्रन. बिया एका खिशात, पानं दुसऱ्यात, चाकू, दोरी, वही, पाण्याची बाटली. एवढ्या वर्षांत परीक्षक म्हणून मला नारळ मिळाले, शाली मिळाल्या. माझ्या मापाचं काही कुणी शिवलं नव्हतं. मी इतकी खूश झाले की घातलेला एप्रन जेवतानाही काढला नाही.

जेवण चालू असताना शेजारच्या बाई दारातून डोकावल्या. "जेवून राह्यले का म्याडम?"

"नाही नाही," मी घाईनं म्हटलं, "जेवून उद्या पहाटे जाणार. फार राहणार नाही."

सगळं घर हसून लोटपोट झालं. निशातनं डोळे पुसत सांगितलं की 'जेवून राह्यले का' म्हणजे 'जेवताय का'. मी मुळीच ओशाळले नाही. पुढचे दोन दिवस जो भेटेल त्याला मी 'काय करून राह्यले' असं विचारत फिरले, आणि ते माझ्या तोंडी इतकं वाईट वाजायचं की लोक मला ते पुन्हा म्हणायला लावायचे.

हे सगळं कसं सुरू झालं, ते निशातनं जेवणानंतर सांगितलं. तिच्या कॉलेजात चालू स्थितीतले सूक्ष्मदर्शक दोन आणि मुलं भरपूर. म्हणून ती वाळवलेली पानं पुठ्ठ्यावर चिकटवून, खाली नावं लिहून व्हरांड्यात लावायची. एकदा धानोऱ्याजवळच्या एका टोल्यावरची, म्हणजे वाडीवरची, सोमीबाई नावाची एक म्हातारी नातीच्या प्रवेशासाठी कॉलेजात आली. व्हरांड्यातून जाता जाता थबकली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली.

निशातनं विचारलं, "काऊन हासता बाई?"

"हे कोनं लिवलं इथी, चार म्हनून? हे चार नाई वं पोरी, बिबा हाये. चार समजून कोनी खाल्लं तं तोंड सुजन ना त्याचं!"

लिहिलं होतं अर्थातच निशातनं. चार म्हणजे चारोळीचं झाड. त्याची फळं पोरं मजेनं खातात. बिब्याचा चीक लागला तर कातडी फोडांनी भरून जाते. निशात रात्रभर झोपली नाही. दुसऱ्या दिवशी ती वर्ग घेऊन थेट सोमीबाईच्या टोल्यावर गेली, आणि मग जातच राहिली. आता प्रत्येक विद्यार्थ्याला टोल्यावरचं एक माणूस नेमून दिलेलं असतं. वर्षभर त्याच्यामागे हिंडायचं, शिकायचं. आणि परीक्षा? वर्षाच्या शेवटी बाहेरचं, काहीही न येणारं एक माणूस प्रत्येकाच्या हवाली करतात. सकाळपासून दुपारपर्यंत त्याला शिकवायचं. मग टोल्यावरचे लोक त्या नवख्याची परीक्षा घेतात.

"शिकनारा पास तर शिकवनारा पास," निशात म्हणाली. "मागच्या वर्षी आमच्या हेडक्लार्क भाऊले पोरीनं पाच गोंद ओळखायले शिकवले. आता ते फाईल चिकटवायले बाजारचा गोंद वापरत नाई."

टोला

रात्री अडीचलाच निघून पहाटे अंधार विरत असताना आम्ही टोल्यावर पोचलो. गाडीचं दार उघडलं आणि गोड, आंबूस, जरासा दारूच्या बाजूला झुकलेला वास आत आला. मोह गळत होता. झाडाखालची जमीन झाडून लख्ख केलेली, आणि तिच्यावर पिवळसर, रसरशीत फुलं टपटप पडत होती. बायका टोपल्या घेऊन वेचत होत्या. मी आयुष्यभर मोहाच्या फुलाची आकृती फळ्यावर काढली होती. ते तोंडात घातलं मात्र पहिल्यांदाच. द्राक्षासारखं फुटतं! मग मी एक खाल्लं, आणखी एक खाल्लं, आणि उपाशीपोटी मूठभर खाल्ल्यावर निशातनं माझा हात धरला. "बस म्याडम, चक्कर येते जास्त खाल्लं तं."

उशीर झाला होता. मला गरगरत होतं आणि उगाच हसू येत होतं.

सोमीबाई मोहाच्या झाडाखालीच बसली होती. लहानखुरी, वाळलेली, सत्तरीच्या आसपासची. तिच्या भोवती चौदा मुलं, सगळी खाकी एप्रनमध्ये. पलीकडे शिकायला आलेली नवखी मंडळी: एक एस.टी. कंडक्टर, पोस्टातल्या बाई, कॉमर्सचे दोन सर, चामोर्शीच्या बाजारात भांडी विकणारे एक भाऊ, असे सगळे. निशातनं मोजले. तेरा भरले. चौदावे एक बँकेतले साहेब यायचे होते, त्यांना ताप आला होता.

चौदा विद्यार्थी, तेरा शिकणारे. उरली एक मुलगी. जोड्या लागल्या तरी ती एकटीच उभी होती, एप्रनच्या खिशात दोन्ही हात घालून, जमिनीकडे बघत.

"ही प्रणाली," निशात माझ्या कानात म्हणाली. आवाज बदलला होता तिचा. "सिंदेवाहीकडची. घरी धान लावतात. पोरगी हुशार हाये म्याडम, लेखी पेपर पाहा तिचा. पन बाहेरचा परीक्षक दिसला की वाचाच जाते. दोनदा तोंडी परीक्षेत एक शब्द बोलली नाई. दोनदा नापास. ही शेवटची संधी हाये तिची."

मी म्हटलं, "मग आता?"

"आता शिकनारा कुठून आनू?"

सोमीबाईनं माझ्याकडे बोट केलं. "ही कोन हाये?"

"त्या परीक्षक हायेत बाई. मोठ्या कॉलेजातून आल्या."

"हिले सारं येते का?"

मला राग यायला हवा होता, पण पोटात मोह होता. मी छाती पुढे काढून म्हटलं, "झाडांचं म्हणाल तर येतं की!"

सोमीबाई उठली, माझ्या मनगटाला धरून चालायला लागली आणि एका उंच, निष्पर्ण झाडापाशी उभी राहिली. "सांग, हे कोनतं?"

मी वर पाहिलं. पान नाही, फूल नाही, फळ नाही. आमच्या विद्येला पान लागतं हो! काळपट, चौकोनी भेगांची साल तेवढी होती. सगळी मुलं बघत होती. मी ठामपणे म्हटलं, "तेंदू."

अख्खा टोला हसला. बायका हसल्या, पोरं हसली, कंडक्टरही हसला, त्याला तरी काय कळत होतं?

"ऐन हाये तो," सोमीबाई म्हणाली आणि निशातकडे वळली. "भेटला ना तुले चौदावा."

मी निशातकडे बघितलं, निशातनं माझ्याकडे बघितलं. नियमांत परीक्षकानं शिकायला बसू नये असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. लिहायचं कुणाला सुचलंच नसणार. मी प्रणालीकडे गेले आणि म्हटलं, "चला बाई, शिकवा."

ती पांढरीफटक पडली. मी तर साक्षात तीच बाहेरची परीक्षक होते.

दुपारपर्यंत

मला पाच झाडं शिकायची होती, डोळ्यांवर पट्टी बांधून, नुसत्या सालीवरून: साग, मोह, धावडा, ऐन आणि तेंदू.

पहिला तासभर प्रणाली एक अक्षर बोलली नाही. तिनं माझ्या डोळ्यांवर तिची ओढणी बांधली, माझा तळवा धरला आणि झाडावर ठेवला. हात वरून खाली नेला. मग बोटं आडवी फिरवली. सागाच्या लांबलचक उभ्या रेघा, बोटानं चोळलं की भुशासारखं काही सुटतं. धावडा गुळगुळीत आणि त्या उन्हातही गारसर. मोहाची भेगाळलेली साल, तिला नख लावून प्रणालीनं माझं बोट तिथे टेकवलं. चिकट दूध! न बोलता ती इतकं नेमकं शिकवत होती की मी थक्क झाले. मी वर्गात तासभर बोलते आणि शेवटच्या बाकावरची मुलं खिडकीतून बाहेर बघत असतात.

पण ऐन आणि तेंदू काही केल्या जमेनात. दोन्हींच्या भेगा मला सारख्याच लागत. ती माझा हात एकावरून दुसऱ्यावर नेई, मी चुकत असे. तिसऱ्या चुकीला तिनं माझं बोट पुन्हा पुन्हा त्याच भेगेवर दाबलं. हिला काही सांगायचंय आणि हात पुरत नाहीत, हे मला कळत होतं. मी घाई केली नाही. तेवढं तरी अक्कल वापरून केलं.

मग तिनं माझा हात सोडला. मला वाटतं, पाणी आणायला गेली असावी. मी पट्टी बांधलेलीच उभी होते. म्हटलं, तोवर सराव करावा. हात पुढे करून चार पावलं चालले. हाताला काहीतरी लागलं. खडबडीत, भेगाळलेलं, चौकोनी चौकोनी पोपडे, उन्हानं चांगलं तापलेलं. मी दोन्ही हात फिरवले, गाल लावला. सापडलं! मी आनंदानं ओरडले, "हा ऐन! अगदी शंभर टक्के ऐन!"

मागून किंचाळी आली.

"म्याडम! म्हैस हाये ते!"

ऐनानं मान वळवली आणि माझ्या कानात फुर्रकन श्वास सोडला.

मी पट्टी ओढून काढली. बाजूच्या बोडीतल्या, म्हणजे लहानशा तळ्यातल्या, चिखलात लोळून आलेली एक धिप्पाड म्हैस माझ्यासमोर उभी होती. अंगावरचा चिखल वाळून त्याला सुरेख भेगा पडलेल्या. मी उडी मारून मागे सरले ती थेट पळसाच्या झुडपात बसले. प्रणाली हातात पाण्याची बाटली घेऊन उभी होती, तोंड उघडं, डोळे मोठे. आणि मग ती हसायला लागली. पोट धरून, खाली बसून, मातीवर हात आपटत. मीही हसायला लागले. म्हैस आमच्या दोघींकडे बघत रवंथ करत होती.

"म्याडम," श्वास घेत घेत ती म्हणाली, "ऐन फुसफुसते का कधी?"

"मला काय ठाऊक? तू सांगितलंस का मला?"

"तुमी काऊन एकट्या चालून राह्यले? थांबा न इथी जरा! उठा आधी, काटे लागले का? या इकडे. बोट द्या. नाई, पट्टी नका बांधू, आधी आयका. ही भेग पाहा. बोटाचं पेर घाला आत. गेलं ना? हा ऐन. आता या तेंदूकडे. घाला बोट. जाते का? नाई जात. नख घाला. जाते ना? बोट जाते तो ऐन, नख जाते तो तेंदू. हे मले सोमीबाईनं नाई शिकवलं म्याडम, मीच शोधलं. म्हना आता."

मी म्हटलं. तिनं दहा वेळा म्हणून घेतलं. नंतर उरलेल्या वेळात ती जे बोलत सुटली त्यात एक अर्धविरामही नव्हता.

मध्ये जेवण झालं. आमच्याकडे भाकरीशिवाय पान वाढल्यासारखं वाटत नाही, इथे भाताचा डोंगर, त्याच्यावर अंबाडीची आंबट भाजी आणि तिच्यात सुके झिंगे. मी दोनदा मागून घेतलं. तिसऱ्यांदा मागणार तोच समोर सोमीबाई हात धूत म्हणाली, "चला, लावा सारे नंबर."

दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेनंतर मी इतकी कधी घाबरले नव्हते. तेव्हा चुकले असते तर माझंच नुकसान झालं असतं. या वेळी चुकले तर त्या पोरीची शेवटची संधी जाणार होती.

माझा नंबर शेवटचा. सोमीबाईनं स्वतः पट्टी बांधली, इतकी घट्ट की डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिनं मला गरागरा फिरवलं. टोल्यावरचे झाडून सगळे गोळा झाले होते, त्यांची कुजबुज ऐकू येत होती. पहिलं झाड. "साग." दुसरं. गार. "धावडा." तिसऱ्याला मी खरवडून दूध शोधलं. "मोह." टाळ्या पडल्या. सोमीबाई ओरडली, "गप बसा!"

चौथं. भेगा. मी बोट आत घातलं. गेलं की नाही? अर्धं गेलं. घामानं हात ओले झाले होते. एप्रनला पुसले, पुन्हा घातलं. पेर आत गेलं, खोल गेलं.

"ऐन," मी म्हटलं, आणि मग भीतीनं विचारलं, "म्हैस नाही ना?"

हशा इतका मोठा झाला की सोमीबाईलाही गप करता येईना. पाचव्याला मी नख लावलं, आणि ते पूर्ण बसायच्या आत ओरडले, "तेंदू! तेंदू! तेंदू!"

पट्टी सुटली. समोर खरंच तेंदू होता. प्रणाली माझ्या गळ्यात पडली, मग आपण परीक्षकाच्या गळ्यात पडलो हे लक्षात येऊन घाबरून मागे झाली, आणि मीच तिला परत ओढलं. सोमीबाईनं टोल्याकडे वळून विचारलं, "पास का?" एका सुरात उत्तर आलं, "पास!" मग ती माझ्याकडे वळली. "तू बी पास. पन वर पाहून झाड ओळखाची सवय सोड."

गुणपत्रक

कॉलेजात आल्यावर निशातनं छापील गुणपत्रक पुढे ठेवलं. बाकीच्या तेराजणांना निशातनं टोल्यावरच प्रश्न विचारून घेतले होते, पण प्रणालीच्या नावासमोर शेवटचा रकाना रिकामा होता: तोंडी परीक्षा. निशातचा चेहरा उतरला. "हे राह्यलंच. आता परत बोलवायचं का तिले? समोर बसवून प्रश्न विचारले तं..."

मी पेन काढलं. "किती वेळ बोलली ती माझ्याशी?"

"तीन घंटे असन."

"आणि मी तिला किती प्रश्न विचारले असतील?"

निशात हसायला लागली. मी रकाना भरला. एवढी लांब तोंडी परीक्षा मी आयुष्यात कुणाची घेतली नव्हती, आणि इतके गुणही कधी दिले नव्हते. अहवालही त्याच टेबलावर बसून लिहिला. काय पाहिलं ते सगळं लिहिलं, माझं तेंदूचं उत्तरसुद्धा. 'सूचना' या सदरात एकच ओळ: परीक्षकांना एक दिवस आधी बोलवावं, म्हणजे त्यांचीही तयारी होईल.

परवानगीला मुदतवाढ मिळाल्याचा निशातचा फोन मागच्या आठवड्यात आला. निकालही लागला, चौदाच्या चौदा पास. कंडक्टर भाऊ आता प्रवाशांना खिडकीतून झाडं दाखवतात आणि गाडी उशिरा पोचते, अशी तक्रार आली आहे म्हणे.

परतीच्या दिवशी निशात मला गाडीनं मूल या गावापर्यंत सोडायला आली. प्रणालीही बरोबर होती, तिला तिथून सिंदेवाहीची बस धरायची होती. दोन तास ती बोलत होती. त्यांच्या शेतातल्या बांधावरची झाडं, धानाच्या जाती, आईनं जपून ठेवलेलं जुनं बियाणं, म्हशीची गोष्ट आईला कशी सांगायची याची तालीम. निशातनं दोनदा काही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मला एक शब्द बोलता आला नाही. मूलच्या स्टँडवर तिची बस लागलेलीच होती. ती चढली, खिडकीजवळ जागा मिळवली, डोकं बाहेर काढलं आणि पुन्हा सुरू झाली: "अन् म्याडम, पुढच्या टायमाले याल तं पावसाळ्यात या, तवा मी तुमाले पानावरून..."

बस सुटली. वळणापर्यंत तिचं डोकं खिडकीबाहेर होतं आणि तोंड चालू होतं. काय बोलत होती ते इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही, पण मी आणि निशात दोघी स्टँडवर उभ्या राहून जोरजोरात माना हलवत होतो.